लिव्हिंग विल लॉकरमध्ये ठेवू नका

लिव्हिंग विल म्हणजे बरं होण्याची आशा नसेल आणि स्वतः सांगता येत नसेल, तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. तो बँकेच्या लॉकरमध्ये आणि पेशंट रात्री दोनला ठाण्याच्या आयसीयूत, असं झालं तर त्या कागदाचा उपयोग शून्य. म्हणून तो कुठे-कुठे पोचवायचा, हे आधीच ठरवा.

सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल करण्याची २०१८ ची पद्धत जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. तुमच्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं त्यात हवीत. शक्यतो दोन, कारण एकाचा फोन नेमका तेव्हाच लागत नाही.

एक प्रत या दोघांना, एक फॅमिली डॉक्टरांना, एक महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. ठाणे असो वा नवी मुंबई, आरोग्य विभागात चौकशी करा आणि पोच घ्याच. हॉस्पिटल कागदाची खातरजमा याच अधिकाऱ्याकडून किंवा डिजिटल नोंदीतून करतं.

घरची प्रत औषधांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. स्कॅन सरळ, सही-शिक्का वाचता येईल असा हवा. अंधुक व्हॉट्सअॅप फोटो नको. अॅडमिट होतानाच प्रत केस पेपरला लावून घ्या. मजकूर बदललात तर जुन्या सगळ्या प्रती परत मागवा, नाहीतर दोन कागद समोर येतात आणि डॉक्टर अडकतात.