दोनच राउंड उरलेत

बॉक्सिंगच्या विजेतेपदाची लढत होती, १२ राउंडची. मी रिंगसाइड डॉक्टर. लढतीआधी आव्हानवीराच्या हातांना पट्ट्या बांधता बांधता त्याचे कोच म्हणाले, "डॉक्टर, बारात काय कळतं? पूर्वीसारखे पंधराच राउंड पाहिजेत. खरा चॅम्पियन तेराव्यानंतर दिसतो."

मलाही तसंच वाटायचं. १९५२ मध्ये मार्सियानो गुणांवर मागे होता आणि तेराव्यात त्याने वॉलकॉटला आडवं केलं. १९८१ मध्ये तिन्ही पंचांच्या कार्डांवर मागे असलेल्या लेनर्डने चौदाव्यात हर्न्सला संपवलं. बाराव्यालाच घंटा झाली असती तर दोघेही हरले असते.

हा आव्हानवीर पोरगा नवव्यापर्यंत सरळ पुढे होता. दहाव्यात त्याला फार मोठा ठोसा बसला नाही. बारीक बारीक बसत राहिले, बहुतेक कानशिलावर. घंटा झाली, तो कॉर्नरमध्ये आला आणि स्टूल धरायला मागे हात नेला. हात स्टूलच्या वीतभर बाजूने गेला. कोच डोळ्यावर बर्फ धरत होते, त्यांना ते दिसलं नाही.

मी दोरांमधून आत वाकलो. कितवा राउंड झाला? "दहावा." बरोबर. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्याच. बोटाला बोट लावलं, तेही नीट. पण उठताना डावा पाय उजव्याच्या मागून फरफटत आला. मी रेफ्रीला सांगितलं, लढत थांबवा.

"दोनच राउंड उरलेत हो, डॉक्टर! जिंकतोय तो!" कोचनी माझं मनगट धरलं होतं.

ते 'दोनच' मी अजून विसरलेलो नाही. पाच उरले असते तर कदाचित त्यांनीच टॉवेल टाकून लढत सोडली असती. शेवट दिसायला लागला की माणूस दामटून नेतो.

तासाभरात स्कॅन झाला. मेंदूच्या आवरणाखाली चंद्रकोरीच्या आकाराचं रक्त. शस्त्रक्रिया लागली नाही, पण बॉक्सिंग तिथेच संपलं.

१३ नोव्हेंबर १९८२ ला लास वेगासमध्ये रे मॅन्सिनीसमोर दुक-कू किम पडला तो चौदाव्याच्या सुरुवातीला. काही दिवसांत तो गेला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने १५ चे १२ केले, बाकीच्या मोठ्या संघटना पुढच्या पाच-सहा वर्षांत आल्या. टीव्हीच्या तासात बसावं म्हणून केलं, असंही म्हणतात. असेलही. विश्रांती धरून १५ राउंडना ५९ मिनिटं लागतात, १२ ना ४७. मला घेणं आहे ते त्या मधल्या बारा मिनिटांत थकलेल्या मानेवर डोकं कसं हलतं, याच्याशी. बारात सगळे वाचतात असं मुळीच नाही. २०१९ मध्ये मॅक्सिम दादाशेव्हला त्याच्या कोचनेच अकराव्यानंतर थांबवलं, तरी तो वाचला नाही. म्हणून कोणी पुन्हा पंधराची भाषा काढली की माझा आवाज चढतो. आकडा वाढवायचा नाही, आणि बारात कधी थांबायचं ते कॉर्नरने, म्हणजे कोच आणि त्याच्या माणसांनी, शिकायचं.

तिसऱ्या दिवशी त्याला बघायला गेलो. कोच उशाशी बसले होते, काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची माझ्याकडे सरकवली. पोराने डोळे उघडले.

"डॉक्टर, थांबवली तेव्हा मी पुढे होतो ना?"

"तीन गुणांनी," मी म्हटलं.