नखाला लागलेली खाच

बाईंची गाडी माझ्या पडवीत आली, तेव्हा तिचा गिअरबॉक्स कामातून गेला असा निकाल आधीच लागलेला होता. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपने तो संपूर्ण बदलण्याचा जो आकडा सांगितला होता, तो गाडीच्या आजच्या किमतीला जवळजवळ टेकणारा होता. बाई मला सातवीत मराठी शिकवत. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना क्लचचे पेडल दाबवत नाही, म्हणून त्यांनी ही चार गतींची ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. "तू एकदा उघडून बघ, मग मी ठरवते," एवढेच त्या म्हणाल्या.

उघडण्याआधी मी गाडी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात नेली. पोवई नाक्यापासून निघताना सर्व ठीक होते. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, सगळे वेळेवर पडत होते. घाटाची तीन-चार वळणे झाली, तेल तापले, आणि मग दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे एकदम चार हजारांवर चढले, पण गाडीचा वेग मात्र होता तिथेच राहिला. रिव्हर्स मात्र पहिल्यासारखाच झटकन लागत होता. स्कॅनर जोडला तर पी ०७३३ हा कोड मिळाला, म्हणजे तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर जुळत नाही. पण ते तर घाटाने मला आधीच सांगितले होते.

या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये दातांची चाके इकडून तिकडे सरकत नाहीत. ती कायम एकमेकांत अडकलेली असतात, आणि त्यांतले कोणते फिरवायचे व कोणते रोखायचे हे तेलाच्या दाबाने आवळले जाणारे क्लच आणि ब्रेक ठरवतात. या गाडीत पहिल्या तिन्ही गिअरना अंडरड्राइव्ह क्लच लागतो, दुसऱ्याला आणि चौथ्याला सेकंड ब्रेक लागतो, पहिल्याला आणि रिव्हर्सला लो-रिव्हर्स ब्रेक लागतो, आणि ओव्हरड्राइव्ह क्लच लागतो तो फक्त तिसऱ्याला आणि चौथ्याला. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स ठणठणीत, तिसरा-चौथा घसरणारे, असे असेल तर संशय एकाच ठिकाणी येऊन थांबतो. ब्रेक दाबून, गाडी डी मध्ये ठेवून, चार-पाच सेकंद पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन पाहिला, तेव्हा फेरे ठरलेल्या मर्यादेतच थांबले. म्हणजे कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), तेलाचा पंप आणि पहिल्या गिअरची मंडळी निर्दोष होती. ही चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त लांबवू नये, कारण तेवढ्यात तेल भयंकर तापते.

तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. लालसर असायला हवा होता, तो काळपट तपकिरी निघाला आणि त्याला जळका वास होता. नव्वद हजार किलोमीटरमध्ये हे तेल एकदाही बदललेले नव्हते, कारण "ते आयुष्यभर चालते" असे बाईंना कुणीतरी सांगितले होते. आयुष्य गाडीचे की तेलाचे, हे मात्र सांगणाऱ्याने सांगितले नव्हते.

चेन-पुलीवर गिअरबॉक्स खाली उतरवला, पडवीच्या दोन्ही बाजूंना धुतलेल्या चादरी लावल्या, कारण किल्ल्याकडून वारा सुटला की इथे धूळ घरात यायला वेळ लागत नाही. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे तेलाला वाटा दाखवणारा भाग; तिच्यातल्या स्टीलच्या गोळ्या, स्प्रिंगा आणि बारीक व्हॉल्व्ह एकदा मिसळले की पुन्हा जागेवर लावणे अशक्य, म्हणून प्रत्येक कप्प्याचा फोटो काढून ते कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांत चिठ्ठ्या लावून ठेवले. ओव्हरड्राइव्ह क्लचचे ड्रम, म्हणजे त्याच्या प्लेटा आणि पिस्टन ज्यात बसतात तो डबा, उघडले आणि अंदाज खरा ठरला: घर्षणाने पकड घेणाऱ्या चारही फ्रिक्शन प्लेटा कोळशासारख्या काळ्या, आणि मधल्या स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. तेलपात्रातल्या लोहचुंबकांवर राखाडी लव उगवल्यासारखी दिसत होती.

नव्या प्लेटा ऑटोमॅटिकच्या तेलात रात्रभर भिजवल्या. पिस्टनची कडक झालेली रबरी सीले आणि ड्रमच्या मधल्या भोकात तेल अडवणाऱ्या सीलिंग रिंगा बदलल्या, आणि प्लेटा जागेवर धरणाऱ्या सर्कलिपची जाडी बदलून प्लेटांतली मोकळीक फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजून पुस्तकातल्या मापात बसवली. आता मला फक्त बंद करायचे होते. खरे सांगायचे तर मी त्याच संध्याकाळी बाईंना फोन करण्याच्या बेतात होतो.

सवयीने हवेची चाचणी घेतली. क्लचला तेल नेणाऱ्या भोकात कॉम्प्रेसरची हवा सोडली की पिस्टन "टप्" असा आवाज करून प्लेटा आवळतो, आणि हवा सोडल्यावर मागे येतो. टप् झाले, पण त्याच्यामागोमाग फुसफुस चालूच राहिली. सीलिंग रिंगांतून थोडी हवा जातेच, त्यात काही गैर नाही. पण ही फुसफुस कुकरच्या शिट्टीआधी जशी येते तशी, भरीव होती. माझ्या हाताला दोष देऊन मी पिस्टन पुन्हा काढला, सीलाची कड कुठे मुडपली आहे का ते पाहिले, तेल लावून पुन्हा बसवला. आवाज तोच.

मग ड्रमच्या मधल्या भोकाभोवती तेलाचे दोन-चार थेंब सोडले आणि पुन्हा हवा दिली. नव्या रिंगांच्या बाजूने बुडबुडे उकळी फुटल्यासारखे वर आले. रिंगा नव्या होत्या, म्हणजे दोष त्या ज्याच्यावर घासतात त्यात असणार. ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर टॉर्चने पाहिले तर काही दिसले नाही. पण अंगठ्याचे नख आडवे फिरवले, तेव्हा ते दोन ठिकाणी अडकले. डोळ्यांना जिथे फक्त चकाकी दिसत होती, तिथे रिंगेच्या जाडीएवढी रुंद खाच होती. जुन्या तेलातल्या बारीक कणांनी ती वर्षानुवर्षे कोरली असावी.

तेव्हा सगळा क्रम उलगडला. थंड तेल दाट असते, तेवढा दाब टिकतो. घाटात तेल तापून पातळ झाले की ते त्या खाचेतून निसटते, क्लच पुरेसा आवळला जात नाही, आणि प्लेटा घसरत घसरत जळतात. मी नव्या प्लेटा टाकून बंद केले असते, तर चार महिन्यांनी त्याही काळ्या पडल्या असत्या, आणि बाईंनी मला दुसरी संधी दिली असती की नाही, याची खात्री नाही.

खाचेवर लेथ फिरवून चालत नाही. भोक मोठे झाले की रिंग बसत नाही. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात त्याच बनावटीचे ड्रम मिळाले. विकणाऱ्याकडून मी फोटो मागितला नाही, "भोकात नख फिरवून सांग" असे सांगितले. तो हसला, पण त्याने तिसऱ्या ड्रमावर होकार दिला. रात्रीच्या बसने ते साताऱ्यात आले. या वेळी हवा दिल्यावर स्वच्छ टप् आणि मागे मंद श्वासाएवढी सळसळ ऐकू आली.

कन्व्हर्टर रिकामा करून धुतला, कूलरच्या नळ्यांतून ताजे तेल सोडले. कन्व्हर्टर बसवताना तो फिरवत फिरवत आत ढकलावा लागतो, कारण तो पूर्ण बसला नाही आणि बोल्टांनी जबरदस्तीने ओढला, तर पंप फुटतो. पट्टी धरून खोली मोजल्याशिवाय मी बोल्ट लावत नाही.

पहिले काही किलोमीटर गिअर किंचित झटक्याने पडत होते. गिअर बदलणाऱ्या गाडीतल्या संगणकाला नव्या प्लेटांची ओळख व्हायची होती. मग यवतेश्वरचा घाट शांतपणे पार झाला. पाचशे किलोमीटरनंतर तेलपात्र पुन्हा उघडले, चुंबकांवर थोडी धूळ होती, तेल लाल होते.

बाईंनी पैसे दिले आणि माझे हाताने लिहिलेले बिल घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी ते परत आले. आकड्यांवर काही खूण नव्हती. "दुरूस्ती" या शब्दातला दीर्घ ऊकार मात्र लाल पेनाने खोडून ऱ्हस्व केलेला होता.