कापसाच्या ढिगाजवळची बादली

2024-25 च्या हंगामात, कापूस विकायच्या आदल्या रात्री, पाण्याने भरलेली बादली हातात घेऊन मी पडवीत बराच वेळ उभा होतो. समोर नऊ क्विंटल कापूस भिंतीला लागून रचलेला होता आणि सकाळी व्यापारी काटा घेऊन दारात येणार होता. ढिगावर रात्री हलक्या हाताने पाणी शिंपडले की सकाळपर्यंत ते आत मुरते, वरून कापूस कोरडा दिसतो आणि वजन मात्र वाढते, हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. मी निवृत्त शिक्षक आहे, मला पेन्शन आहे, रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत शास्त्रपाठ वाचण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि तरीही ती बादली मीच विहिरीवरून भरून आणली होती.

माझ्याजवळ कारणे भरपूर होती. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये होता, पण सरकारी खरेदी केंद्र दूर, तिथली रांग लांब, आणि गाडीभाडे वेगळे. म्हणून मी 7,000 रुपयांनी घरूनच द्यायचे ठरवले होते. सरकारी केंद्रावर ओलावा यंत्राने मोजतात आणि 8 ते 12 टक्क्यांच्या आतला कापूस घेतात. आमच्याकडे येणाऱ्या व्यापाऱ्याचे यंत्र म्हणजे त्याचा पंजा. त्याने आदल्या वर्षी माझ्या खडखडीत वाळलेल्या कापसात हात घातला, "गुरुजी, मालात ओल हाये," असे म्हटले आणि क्विंटलमागे दोन किलोची कट्टी, म्हणजे वजनात कपात, लावली. जी ओल नव्हती तिचे पैसे त्याने कापले, तर आता ती ओल खरोखरच घातली तर त्यात पाप ते काय, असा माझा युक्तिवाद होता. युक्तिवाद वाईट नव्हता.

अडचण वेगळीच निघाली. हा युक्तिवाद मी दोनदा, तीनदा, शब्द बदलून करीत होतो. मुद्दे मांडत होतो, आदल्या वर्षीचा हिशेब पुन्हा सांगत होतो, खताच्या भावाचा दाखला देत होतो, आणि मध्येच माझ्या लक्षात आले की एकट्या माणसाला एवढी सफाई द्यावी लागत नाही. मी कोणाला तरी हे सांगत होतो. तो कोणी काही बोलत नव्हता, रागावतही नव्हता. तो फक्त ऐकत होता, आणि त्याच्या ऐकण्यामुळे माझे बोलणे माझ्याच कानाला खोटे वाटू लागले होते. पडवीत उजेड पडला नाही, अंगावर काटा आला नाही. मी बादली जुन्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी रिकामी केली आणि झोपायला गेलो.

सकाळी व्यापाऱ्याने नेहमीप्रमाणे दोन किलोची कट्टी लावलीच. अठरा किलोंचे 1,260 रुपये गेले. मंडळीत साक्ष देताना पुष्कळ जण अशा गोष्टीच्या शेवटी दुप्पट लाभ झाल्याचे सांगतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

देव आपल्या आत राहतो, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. आमची मंडळी चौदा कुटुंबांची, पत्र्याच्या छपराची. तिथे कोणी उठून डोळ्यांत पाणी आणून सांगायचे की प्रार्थनेत देह थरथरला, छातीत ऊब भरली, आणि मी मागच्या सतरंजीवर बसून मनातल्या मनात स्वतःला तपासायचो; तिथे ऊब नसायची, बहुधा दुसऱ्या दिवशीच्या पाठाचे टाचण असायचे. कित्येक वर्षे मी असे समजून चाललो की ही देणगी इतरांसाठी आहे. आज मला वाटते की मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. इतरांची ऊब खोटी आहे असे मी म्हणत नाही, परंतु बायबलात होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यासमोर आधी सोसाट्याचा वारा सुटला, मग भूकंप झाला, मग अग्नी आला, आणि परमेश्वर त्या तिन्हींत नव्हता. नंतर शांत, मंद वाणी झाली. आमच्याकडे फाल्गुनात गारपीट होते तेव्हा सगळे गाव एका वेळी देवाचे नाव घेते. गारा थांबल्यावर, हरभरा आडवा पडलेला असताना, जे काही मनात उरते, त्याविषयी मात्र कोणी बोलत नाही.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पहाटे चूल पेटवताना, गोठ्यातले शेण काढताना, निंदायला निघताना ती अगदी सहज, सुनेला हाक मारावी तशी विचारायची, "हायस ना रे बाप्पा?" उत्तरासाठी ती थांबत नसे. तिची प्रार्थना बहुतेक एवढीच होती, आणि दिवसातून ती किती वेळा व्हायची हे कोणी मोजले नाही. शिकलेल्या मुलाला, म्हणजे मला, याची थोडी लाज वाटे, कारण शाळेत मी नीट रचलेल्या, सुरुवात आणि शेवट असलेल्या प्रार्थना शिकलो होतो.

ही लाज मोडली ती एका परक्या माणसामुळे. यवतमाळला 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था सुरू झाली आणि 1983 साली ती पुण्याला गेली; त्या मधल्या काळात तिथले विद्यार्थी रविवारी आमच्या भागात येत असत. त्यांतल्या एकाने आम्हा पोरांना सतराव्या शतकातल्या पॅरिसमधल्या एका मठातल्या स्वयंपाक्याची गोष्ट सांगितली. त्याचे मूळ नाव निकोलस हर्मन, मठातले नाव ब्रदर लॉरेन्स. तो आधी शिपाई होता, पायाला झालेल्या जखमेमुळे लंगडत असे, आणि स्वयंपाकाचे काम त्याला मुळीच आवडत नव्हते. तरी वर्षानुवर्षे भांड्यांच्या खडखडाटात तो देवाशी बोलत राहिला, आणि ठरावीक प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, असे तो सांगे. अठराव्या वर्षी हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहून, याला पुन्हा पाने फुटतील या एवढ्याशा विचाराने त्याचे मन देवाकडे वळले होते. मला ते झाड लगेच दिसले. आमच्याकडे पळस असाच नागडा होतो आणि मग त्याच्या काळ्या फांद्यांवर केशरी फुले येतात, पानांच्याही आधी. गोष्ट संपली तेव्हा मी आईकडे पाहिले. ती दाराशी बसून तूर निवडत होती आणि तिचे ओठ हलत होते.

आमच्या शेजारी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना मानणारे एक गृहस्थ राहतात. सामुदायिक प्रार्थना ते चुकवत नाहीत. एकदा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून चहा पिताना त्यांनी सरळ विचारले, "गुरुजी, देव तं साऱ्याइच्याच आत असते. मंग तुमचं येगळं काय?" प्रश्न प्रामाणिक होता, त्यामुळे उत्तर द्यायला मला वेळ लागला. मी सांगितले ते असे, की आमच्या विश्वासात आत जो असतो तो मी नव्हे. माझ्या मनाचा तळ खणत गेल्याने तो सापडत नाही, तिथे मला मीच सापडतो आणि ती भेट फारशी सुखाची नसते. तो बाहेरून, स्वतःच्या इच्छेने कायमचा राहायला आलेला आहे; पवित्र आत्मा असे आम्ही त्याला म्हणतो. घरात पाहुणा असला की आपण आवाज खाली घेतो, तसे काहीसे. ते हसून म्हणाले, "पाहुणा कधी जात नाई म्हणता, मंग तो घरधनीच झाला." याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि मला वाटते ते माझ्यापेक्षा नेमके बोलले.

त्याच सेमिनरीच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी मला पुढे फार जड गेली. बायबलातल्या एका पत्रात करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो की तुम्ही देवाचे मंदिर आहा आणि देवाचा आत्मा तुमच्यामध्ये वास करतो. तिथला मूळ ग्रीक शब्द अनेकवचनी आहे. मराठीत 'तुम्ही' म्हटले की आपल्याला तो आदरार्थी वाटू शकतो, पण पौल आपसांत भांडणाऱ्या एका गटाला उद्देशून बोलतो आहे: तुम्ही सगळे मिळून एक मंदिर. येशूने परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या एका यहुदी पंथाच्या लोकांना, 'देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे' असे सांगितले, त्याविषयीही अभ्यासक वाद घालतात की अर्थ 'तुमच्या अंतरात' असा घ्यावा की 'तुमच्या मध्यभागी' असा. आपल्या 'मध्ये' या शब्दाने दोन्ही अर्थ पोटात ठेवले आहेत, याचे मला समाधान वाटते.

समाधान वाटते, पण सोय होत नाही. माझे आणि माझ्या चुलतभावाचे धुऱ्यावरून वाकडे आहे. नांगराच्या दोन तासांच्या रुंदीची ती पट्टी, तिच्यावर एक बाभूळ, आणि तिच्यापायी सहा वर्षे अबोला. आम्ही दोघे एकाच छपराखाली प्रभुभोजनाला बसतो, तो पुढे, मी मागे. देव जर केवळ माझ्या छातीत राहत असता, तर चुलतभावाला बाहेर ठेवून मी त्याच्याशी सुखाने बोललो असतो. अनेकवचनाने ती वाट बंद केली. गेल्या नाताळात मी उपासनेनंतर त्याला "सलाम" म्हटले. त्याने मान हलवली. बाभूळ अजून तिथेच आहे आणि मोजणीचा अर्जही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगावीशी वाटते. आत उमटणारा प्रत्येक विचार प्रभूचा, असे मानणारी माणसे मी पाहिली आहेत. 'प्रभूने मला सांगितले' असे म्हणून कोणी शेत विकतो, कोणी मुलीचे लग्न ठरवतो, आणि मग विचारायची सोयच उरत नाही. माझी स्वतःची कसोटी साधी आहे. आतला आवाज दरवेळी माझ्या बाजूने निकाल देऊ लागला की तो माझाच आहे असे मी धरतो.

पत्नी गेल्यानंतरची दोन वर्षे आत काहीच नव्हते. ऐकणारा नाही, सफाई द्यावी असे कोणी नाही, नुसती रिकामी खोली. शास्त्रपाठ वाचायचो, अक्षरे कळायची. त्या काळात मी भाकर करायला शिकलो, कारण मुलगा नागपूरला आणि मी एकटा. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळून परातीत थापताना पहिले काही महिने भाकर दरवेळी कडेला चिरायची. तवा तापेपर्यंत करायला काही नसे, म्हणून आईचे शब्द तोंडात यायचे: हायस ना रे बाप्पा? विश्वासाने नव्हे, सवयीने. उत्तर येत नसे आणि मी भाकर उलटवीत असे. हे किती दिवस चालले ते सांगता येणार नाही. पुढे एका सकाळी असे जाणवले की प्रश्न विचारताना मी आवाज खाली घेतला होता.

एवढेच. यापेक्षा मोठा अनुभव माझ्याकडे नाही.

या वर्षीही पडवीत कापूस आहे, भाव उतरलेला आहे, आणि व्यापारी परवा येणार आहे. बादली मी आजच विहिरीवर नेऊन ठेवली आहे, रहाटाच्या पलीकडे, अंधारात सहज हाती लागणार नाही अशी.