अजून तोच प्लेयर का?

क्लासला येणाऱ्या मुलींचे पालक विचारतात, भाचा विचारतो, कार्यक्रमाआधी साऊंडवाला विचारतो. आता तर माझ्यासारखेच अंध, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करणारे तरुणही विचारायला लागलेत: "ताई, तुम्ही अजून विनॲम्प का वापरता? फोनला नुसतं सांगितलं की गाणं लागतं ना आता." विनॲम्प म्हणजे संगणकावर गाणी वाजवायचा जुना प्लेयर. कुणाला मी "सवय आहे" म्हणाले, कुणाला "बरं आहे की ते" म्हणाले. दोन्ही उत्तरं टाळाटाळीची होती. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदा नीट लिहिते.

गाणं लागतं, हे खरं. पण ते लागलं की तुमचं काम संपतं आणि माझं तिथून सुरू होतं. मी गाणं शिकवते, आणि जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची टिपणं करून देते. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, कुठे संपलं, द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, कुठे धरलं, अंतरा कितव्या मिनिटाला आला, बंदिशीचे शब्द काय. सत्तर मिनिटांच्या फाइलमध्ये एका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबायचं, जरा मागे यायचं, परत ऐकायचं, वेळ लिहायची, पुढे जायचं. दिवसभर हेच. फोनवरच्या पुष्कळ ॲपमध्ये स्क्रीन रीडर चालू असताना सरकपट्टी एका झटक्याला पाच किंवा दहा टक्के हलते. सत्तर मिनिटांचे दहा टक्के म्हणजे सात मिनिटं. तेवढ्यात गवई स्थायी मांडून आलापीत कुठल्या कुठे पोचलेला असतो. आवाजी मदतनिसाला "जरा मागे घे" म्हणावं, तर तो आधी गाणं दाबून टाकतो, मग स्वतः बोलतो, आणि कानात धरून ठेवलेला स्वर तेवढ्यात सुटतो.

विनॲम्पमध्ये डावा बाण दाबला की पाच सेकंद मागे. उजवा दाबला की पाच सेकंद पुढे. जे ही कळ दाबली, दोन-तीन अक्षरं टाईप केली आणि एंटर मारलं की यादीतली हवी ती फाइल. कंट्रोल-जे दाबून वेळ टाकली की थेट त्या सेकंदाला. कीबोर्डच्या खालच्या ओळीत झेड, एक्स, सी, व्ही, बी: मागची फाइल, सुरू, विराम, बंद, पुढची फाइल. डाव्या हाताची बोटं तिथून हलवावी लागत नाहीत, उजवा हात बाणांवर असतो.

पण खरं कारण त्याहून जुनं आहे. मी संगणक शिकले तेव्हा आमच्याकडे जॉज हा स्क्रीन रीडर होता. शिकण्याच्या ठिकाणी तो विकत घेतलेला, घरी परवान्याशिवायचा. किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. परवाना नसेल तर तो चाळीस मिनिटं चालायचा आणि गप्प व्हायचा. मग अख्खा संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा की आणखी चाळीस मिनिटं. एक ख्याल नीट ऐकायचा तर चाळीस मिनिटं पुरत नाहीत. स्क्रीन रीडर मुका झाला तरी गाणं चालूच राहायचं, आणि मी संगणक परत सुरू करत नसे. कारण विनॲम्पच्या कळा तेव्हाही चालायच्या. कुणी काही वाचून दाखवत नव्हतं, तरी सी दाबलं की थांबायचं, सी दाबलं की सुरू व्हायचं. डावा बाण दोनदा म्हणजे दहा सेकंद. मी तो प्लेयर त्या मुक्या संगणकावर शिकले. पुढे एनव्हीडीए हा दुसरा स्क्रीन रीडर आला. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तो करायला घेतला, आणि तो फुकट आहे. चाळीस मिनिटांचा जाच संपला. पण हातात बसलेलं हातातच राहिलं. स्क्रीन रीडर बोलतो म्हणून मी गाणं ऐकू शकते असं लोकांना वाटतं. मला तर असा प्लेयर लागतो जिथे तो न बोलताही काम अडत नाही. एनव्हीडीएचा आवाज आणि गायकाचा आवाज एकाच कानात आले की दोघांचंही नुकसान होतं. काम करताना मी एनव्हीडीएला त्या खिडकीपुरतं झोपवून ठेवते. तशी सोय त्यात आहे.

विनॲम्पची भलावण करायला मी बसलेले नाही. त्याची खिडकी म्हणजे निव्वळ चित्र आहे. ज्या कातड्यांचं, म्हणजे स्किन्सचं, डोळस लोकांना इतकं कौतुक होतं, त्यातलं काहीही स्क्रीन रीडरला दिसत नाही. खिडकीचं शीर्षक तेवढं वाचलं जातं, त्यातून कोणती फाइल चालू आहे ते कळतं. बाकी जी सोय झाली ती कळांमुळे, आणि अंध लोकांनीच लिहिलेल्या छोट्या जोडप्रोग्रॅममुळे. अंधांसाठी म्हणून तो कुणी बनवला नव्हता. २०१३ च्या नोव्हेंबरात त्याची मालक कंपनी एओएलने जाहीर केलं की २० डिसेंबरला विनॲम्प बंद होणार. तेव्हा मी इन्स्टॉलरच्या प्रती मिळेल तिथे ठेवल्या, वहिनीच्या ऑफिसच्या संगणकावरसुद्धा. जानेवारीत तो दुसऱ्या कंपनीने घेतला. पण तोवर माझ्या कामाचा पाया कुणा दुसऱ्याच्या हिशेबावर उभा आहे, हे नीट कळलं होतं.

आणि मी दुसरं काही वापरतच नाही, असंही नाही. व्हिडिओ असेल तर व्हीएलसी. तिथे टी दाबलं की वेळ पडद्यावर चित्रासारखी उमटते, स्क्रीन रीडरला तिचा पत्ता नसतो. पण कंट्रोल-टी दाबून हव्या त्या वेळेवर जाता येतं, आणि चौकटी कंसाच्या कळांनी वेग कमीजास्त होतो. टिपणांच्या कामाला फूबार २००० हा प्लेयर विनॲम्पपेक्षा सरस आहे, हेही मान्य करते. कंट्रोल-शिफ्ट-ई दाबलं की किती वेळ झाला ते एनव्हीडीए सांगतो, कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं की किती उरला ते. मग तरी विनॲम्प का, हा प्रश्न उरतोच. त्याच्यासाठी मला एका दिवसाबद्दल सांगावं लागेल. त्याबद्दल मी फारसं बोलत नाही.

एका संस्थेत जुन्या ध्वनिमुद्रणांची सूची करायचं काम निघालं होतं. मी घरी करते तेच काम, फक्त पगारी आणि कायमचं. अर्जात मी अंध असल्याचं लिहिलं होतं. फोन करून विचारलं तेव्हा "काळजी करू नका, सोय होईल" असं उत्तर मिळालं. दादाबरोबर गेले. बरोबर पेनड्राइव्हवर एनव्हीडीएची प्रत होती, ती संगणकात काहीही न भरता चालते. तिथल्या संगणक विभागातला मुलगा म्हणाला, बाहेरचा पेनड्राइव्ह चालणार नाही. कुणाकुणाला फोन झाले, शेवटी परवानगी आली. परीक्षा अशी: यमन रागाचं एक ध्वनिमुद्रण, पाऊण तासाच्या आसपासचं, त्यातली विलंबित बंदिश कुठे संपते, द्रुत कुठे सुरू होते आणि अंतरे कुठे येतात, ते वेळेसकट टिपायचं. त्यांच्याच प्लेयरमध्ये, कारण पुढे काम त्याच्यातच करायचं.

तो प्लेयर ब्राउझरमध्ये उघडत होता. मी टॅब दाबलं. एनव्हीडीए म्हणाला, "बटन." पुन्हा टॅब. "बटन." पुन्हा. "बटन." मग "क्लिकेबल". मग काहीच नाही. एकेक दाबून पाहिलं. एकाने आवाज बंद झाला, एकाने फाइल सुरुवातीला गेली, एकाने ती सुरू झाली. सरकपट्टी माझ्यापुरती नव्हतीच. ती डोळ्यांना पट्टीसारखी दिसेल अशी रंगवलेली होती, पण ती सरकपट्टी आहे, तिचं नाव अमुक, ती आत्ता इथे आहे, या तीन गोष्टी स्क्रीन रीडरला सांगाव्या लागतात. त्या कुणी सांगितल्या नव्हत्या. ब्राउझरचा स्वतःचा साधा प्लेयर ठेवला असता तर त्या आपोआप आल्या असत्या. १९०२ साली गायिका गौहर जान यांनी आपल्या तबकड्यांच्या शेवटी स्वतःचं नाव उच्चारून ठेवलं, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या माणसांना लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं होतं. बिनडोळ्यांच्या तबकडीला तेव्हा नाव सांगता आलं. या बटनांना ते कुणी दिलं नव्हतं.

गाणं सुरू झालं आणि एनव्हीडीए व गायक दोघेही खोलीतल्या मोठ्या स्पीकरमधून एकदम यायला लागले. समोरचे एक सर म्हणाले, "हा मधला आवाज बंद करता येईल का? आम्हाला ऐकू येत नाहीये." मी बंद केला. तो बंद केल्यावर माझ्याकडे कीबोर्ड नावाचं एक फळकूट उरलं. डावा बाण दाबला, काही नाही. स्पेस दाबला, तर पान खाली सरकलं, असं कुणीतरी सांगितलं.

तेव्हा एक बाई उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या. फार मायेने म्हणाल्या, "मी माऊस धरते. तुम्ही फक्त सांगा, मी थांबवते."

विलंबित एकतालाचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, होतं पाऊण-एक मिनिटाचं, तिथे निभावलं. पुढे द्रुत तीनताल. त्याचं अख्खं आवर्तन चार-पाच सेकंदांत फिरून येतं. मी "थांबवा" म्हणेपर्यंत एक सेकंद, त्यांनी ऐकून माऊस दाबेपर्यंत दुसरा. तोवर सम जाऊन निम्मं आवर्तन उलटलेलं.

"मागे घ्या."
"किती?"
"सात-आठ मात्रा."
"म्हणजे कुठे?"

त्या पट्टीवर अंदाजाने टिचकी मारत होत्या आणि आम्ही एकदा आलापात, एकदा तानेत, एकदा टाळ्यांत जाऊन पडत होतो. द्रुत कुठे सुरू होतं ते मला पहिल्याच ऐकण्यात कळलं होतं. तबला बदलला तो क्षण मी बोटाने टेबलावर ठोकलासुद्धा. तो आकड्यात आणायला मात्र बाईंचा हात लागत होता, आणि तो हात पोचत नव्हता. शेवटी त्याच कानकोंड्या झाल्या. मी त्यांना "असू दे हो" म्हणत होते. परीक्षा माझी होती आणि धीर मी त्यांना देत होते.

काही दिवसांनी पत्र आलं. ज्ञान उत्तम, पण कामाच्या वेगाशी जुळणं कठीण. वेग! घरी मी हे काम कोणत्या वेगाने करते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा शब्द वाचून दाखवताना दादाचा आवाज चढला होता. मी गप्प होते.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, त्या बाईंनी माऊस धरला तेव्हाच उठायला हवं होतंस. "तुमचा प्लेयर मला चालवता येत नाही, म्हणजे परीक्षा झालेलीच नाही" एवढं म्हणून यायचं. मी तिला म्हणते, उठले असते तर "बाई तापट आहेत" एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं असतं, आणि शेजारी येऊन बसलेल्या एकमेव माणसाला मी झिडकारलं असतं. ती म्हणते, बसून राहिलीस म्हणून त्यांच्या लक्षात काय राहिलं? बटनांना नावं मिळाली? माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडेही नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वाजवी सोयीची तरतूद आहे, तक्रार कर, असं मैत्रीण म्हणाली होती. मी केली नाही. थकवा होता हे एक. गाण्याच्या जगात सगळे सगळ्यांना ओळखतात, हे दुसरं. यातलं जास्त वजनाचं कोणतं, ते मी दर वेळी वेगळं सांगते.

म्हणून विनॲम्प. त्या पत्रानंतर घरी आले की मी आधी तोच उघडायचे, काम नसलं तरी. एक्स दाबलं की सुरू होतं, सी दाबलं की थांबतं, इतकी वर्षं. ॲप दर दोन महिन्यांनी नवीन होतात आणि सगळं इकडचं तिकडे जातं. तुमच्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा रोज रात्री कुणी फिरवून ठेवला आणि वर "आता आणखी छान दिसतोय" म्हणालं, तर तुम्ही काय कराल? आणि यात माझा अभिमानही आहे, तो का लपवू? शिकायला येणाऱ्या डोळस मुली माऊस शोधत असतात तोवर माझी जागा सापडलेली असते. ते मला आवडतं.

पण परवा एका विद्यार्थिनीने मला अडचणीत टाकलं. तीही अंध आहे, कॉलेजात आहे. तिने कधी विनॲम्प उघडलेला नाही. फोनवरच्या एका ॲपमध्ये ती ध्वनिमुद्रण दुप्पट वेगाने ऐकते, जागा आली की खूण करून ठेवते, मग साध्या वेगात येऊन सावकाश ऐकते. मी म्हणाले, दुप्पट वेगात लय ऐकणं हा गुन्हा आहे. ती म्हणाली, "ताई, मी लय ऐकत नाही, पत्ता शोधते. लय नंतर ऐकते." मी दिलेल्या फाइलमधले सगळे अंतरे तिने बरोबर काढले होते. मला ती पद्धत पटत नाही. चुकीची आहे असंही दाखवता येत नाही. त्या ॲपचं पुढचं अपडेट आलं आणि खुणेचं बटन नावाशिवाय आलं तर काय करशील, हे मी तिला विचारलं. "दुसरं शोधीन," म्हणाली. तिच्या वयाला हे सोपं आहे, की तिला खरंच कमी भीती वाटते, मला ठरवता येत नाही.

तेव्हा नवा प्लेयर सुचवायचा असेल तर जरूर सुचवा, मी रागावणार नाही. फक्त त्याआधी माऊस बाजूला काढा आणि स्क्रीन बंद करा. एनव्हीडीए फुकट मिळतो, तो सुरू करा. सत्तर मिनिटांची एक फाइल लावा आणि ३१ मिनिटं १२ सेकंदांवर जाऊन थांबा. तिथून पाच सेकंद मागे या. आत्ता कुठे आहात ते कुणाला न विचारता मला सांगा. मग एनव्हीडीए बंद करा आणि हेच पुन्हा करून बघा. जमलं, तर त्या प्लेयरचं नाव मला रात्री कितीही वाजता कळवा.