आईचं सीट आणि रेडिएटरचं टोपण

खंबाटकीच्या चढावर आई म्हणाली, "बाळ्या, बूड भाजतंय रे माझं." ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच, त्यामुळे ही तक्रार दर उन्हाळ्यातली. मी हूं म्हटलं. मग सहज इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे बघितलं, तर तो पार वर टेकलेला.

गाडी कडेला घेतली. टोपण गरम असताना उघडायचं नाही, ही अक्कल मला एकदा हात पोळल्यावर आलेली आहे. पाऊण तासाने उघडलं तर रेडिएटर लिटरभर पाणी प्यायला. शेजारची, रेडिएटरचं जादा पाणी साठवणारी बाटली मात्र गळ्यापर्यंत भरलेली!

पुण्यात परतल्यावर गॅरेजवाल्याने लांबूनच निकाल दिला, "हेड गॅस्केट. हेड उतरवावं लागेल." हे गॅस्केट म्हणजे इंजिनच्या हेडखालचं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील. पण ऑइल मोजायच्या डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं, पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं झालेलं नव्हतं. धूरही पांढरा नाही. गाडी उभी चालू ठेवली तर पंखा वेळेवर लागला. मी गाडी घरी आणली.

सकाळी सीट उचललं आणि बघतच राहिलो. रेडिएटरकडे जाणारा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा. टोपण सैल केलं, फुस्स झालं, होज पुन्हा गोल.

टोपणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा स्प्रिंगवाला आत दाब धरून ठेवतो, म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. मधला चिमुकला इंजिन थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. माझा चिमुकला क्षाराने चिकटला होता. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत आलो, दुसरं काय होणार! पाणी बाटलीत जायचं ते तिथंच राहायचं, आणि आत ओढली जायची ती होज आवळणाऱ्या जुन्या क्लॅम्पमधून हवा.

जुन्या टोपणावर दाबाचा आकडा ०.९ छापलेला. दुकानदार १.१ चं गळ्यात मारत होता, "चालतंय हो सगळ्यांना." नको म्हटलं. जुन्या होजना जास्त दाब कशाला? ०.९ चंच घेतलं, दीडशे रुपये. रेडिएटर धुतला, क्लॅम्प बदलले, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. मग सोसायटीच्या रॅम्पवर नाक वर करून, टोपण उघडं ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. वॉचमनने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

रविवारी पुन्हा खंबाटकी चढलो. काटा मध्यावरून हलला नाही. मी ऐटीत विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"भाजतंय तेवढंच," आई म्हणाली आणि पिशवीतली सतरंजी काढून चौपदरी घडी करून खाली घेतली.