इ.स. ८०० चा आयरिश भालाईत : वेश आणि शस्त्रांची कामनोंद

आधी सध्याची स्थिती. लेने, म्हणजे आतला तागाचा अंगरखा, शिवून तयार आहे. ब्रातचे, म्हणजे वरच्या लोकरी पांघरुणाचे, कापड आटवून झाले असून त्याची काठपट्टी विणणे चालू आहे. भाल्याचा दांडा तेलावर आहे, ढाल वजनाखाली वाळते आहे. तलवारीला मूठ बसायची आहे, पण तिची घाई नाही. का, ते पुढे येईल.

काळ आणि माणूस आधी पक्के केले. इ.स. ८०० च्या आसपासचा, नॉर्स तलवारी आयर्लंडात रुळण्यापूर्वीचा, राजाच्या हाकेला भाला घेऊन येणारा मोकळा शेतकरी. स्वतःच्या जमिनीचा धनी, पण सरदार नव्हे. आधार तीन ठिकाणचे. पहिला ‘बुक ऑफ केल्स’ या हस्तलिखिताच्या २०० व्या पत्राच्या दर्शनी बाजूवर काढलेला भाला-ढालवाला छोटा सैनिक. दुसरा फर्मनॅ काउंटीतील व्हाइट आयलंडवरची तलवार-ढाल धरलेली दगडी मूर्ती. ती थोडी नंतरची आहे, तरी ढालीच्या मापासाठी उपयोगी पडते. तिसरा मीथ काउंटीतील लागोरचे क्रॅनॉग, म्हणजे तळ्यात भर घालून केलेले वस्तीचे बेट. तिथे १९३४ ते १९३६ या काळात उत्खनन झाले आणि लोकरीचे तुकडे, चामडे, भाल्यांची पाती, ढालींचे लोखंडी गोंडे, म्हणजे मध्यावरच्या फुगीर वाट्या, आखूड तलवारी असा सगळा ऐवज एकाच जागी मिळाला.

या तिन्हींत शिरस्त्राण नाही, कड्यांचे चिलखत नाही. चुण्यांचा स्कॉटिश किल्ट तर कित्येक शतकांनंतरचा, आणि लोंबत्या बाह्यांचा केशरी सदरा सोळाव्या शतकातला. असे ऐतिहासिक वेश हुबेहूब उभे करण्याच्या छंदातली नवीन मंडळी बहुतेक वेळा तलवारीपासून सुरुवात करतात आणि कापडाला पैसे उरत नाहीत. लोकांना दहा पावलांवरून दिसते ते कापड. तलवार जवळ आल्यावर. खर्चाचा क्रम कापड, भाला, ढाल आणि उरलेच तर तलवार, असा ठेवावा.

लेनेसाठी १५० ते १८० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा शुद्ध लिनन, १५० सेंमी पन्ह्याचा, पोटरीपर्यंतच्या मापाला अडीच मीटर पुरतो. कापण्याआधी ६० अंशांच्या पाण्यात धुवावा. पहिल्या धुण्यात तो पाच ते आठ टक्के आटतो, आणि आटतो तो मुख्यतः ताण्याच्या दिशेने. न धुता शिवला तर बाह्या मनगटाच्या वर चढतात. त्या काळचा अख्खा लेने हाती नसल्यामुळे बेत सरळ तुकड्यांचा ठेवला आहे. छाती १०० सेंमी असेल तर पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी ६० सेंमी रुंद, ११४ सेंमी लांब. बाही ६२ सेंमी लांब, वर ४६ आणि मनगटाशी २४. बगलेत १५ सेंमीची चौकोनी कळी. दोन्ही बाजूंना कंबरेपासून खाली कळ्या : ७२ बाय ३० चे दोन आयत तिरपे कापले की चार होतात. कळीची तिरपी कड अंगाच्या सरळ कडेला जोडावी. दोन तिरप्या कडा एकमेकींना जोडल्या तर शिवण ताणत जाते आणि घेर बाजूंना लोंबतो.

शिवण धावदोऱ्याची, दर सहा-सात टाक्यांनी एक उलटी टीप, मग कड दुमडून हेम. दोरा लिननचाच, मेणावरून ओढलेला. मेण नसेल तर तो गाठी धरतो. गळ्याची चीर सुरुवातीला लहानच ठेवावी, डोके जेमतेम जाईल इतकी. लांबी ठरवताना वीरकथांतली वर्णने कामाला येतात : अल्स्टरच्या कथेत येणाऱ्या तीन पथकांपैकी पहिल्याचे लेने गुडघ्यापर्यंत, दुसऱ्याचे पोटरीपर्यंत, तिसऱ्याचे पावलांपर्यंत. आपला गडी दुसऱ्या पथकाच्या मापाचा, पण तांबडे भरतकाम त्याला देऊ नये. ते घरंदाज लोकांचे.

रंगाचा विचार ब्रातला जास्त लागू होतो. दुसऱ्याच्या घरी वाढवायला दिलेल्या मुलांच्या कपड्यांविषयी जुना आयरिश कायदा दर्जानुसार रंग सांगतो : सामान्यांच्या मुलांना पिवळा, काळा, पांढरा, राजपुत्रांना जांभळा आणि निळा. तो मुलांचा कायदा असला तरी रंगाची प्रतिष्ठा त्यातून कळते. म्हणून हा ब्रात काळपट तपकिरी, नैसर्गिक रंगाच्या लोकरीचा. राजघराण्यातला निळा करायचाच असेल तर आपली नीळ चालते. युरोपातल्या वोडच्या पानांतून मिळणारे रंगद्रव्य तेच आहे. तांबड्यासाठी मंजिष्ठ घेतली तर छटा युरोपीय मॅडरपेक्षा नारिंगीकडे झुकते. लोकरीच्या वजनाच्या १५ टक्के तुरटी लावून मग रंगवावे आणि ७० अंशांवर पाणी जाऊ देऊ नये. उकळले की लाल जाऊन विटकरी तपकिरी उरतो.

कापड ४०० ते ५०० ग्रॅम वजनाचे, अडीच मीटर बाय दीड मीटर. घोंगडी चालेल का, हे महाराष्ट्रातले वाचक हमखास विचारतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्ड्याच्या मागावर साध्या विणीत विणलेली काळी घोंगडी दिसायला फार जवळ जाते, फक्त चिंचोक्याची खळ पूर्ण काढली पाहिजे. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, न चोळता, पाणी चिकट लागेनासे होईपर्यंत खळखळावी. खळ राहिली तर पांघरूण खांद्यावरून मऊ लोळत नाही, पुठ्ठ्यासारखे उभे राहते, आणि पिन टोचताना धागे तुटतात. तरी मानेला ती बोचतेच. लेनेचा गळा उंच ठेवावा.

काठपट्टीसाठी टॅबलेट विणकाम. लागोरच्या तुकड्यांत तशा विणीचा नमुना आहे. साडेपाच सेंमीच्या चौकोनी पुठ्ठ्यांना चार कोपऱ्यांत चार भोके, अशा १८ पाट्या, प्रत्येकीतून चार धागे. पट्टी साधारण दोन सेंमी रुंद होते. पाट्या पाव वळसा फिरवायच्या, बाणा घालायचा, ठोकायचा. एकाच दिशेने फिरवत राहिले की पाट्यांच्या मागे ताण्याला पीळ साठत जातो आणि शेवटी पाट्या हलेनाशा होतात. दर २० पाव वळशांनी दिशा उलटावी. केसाळ लोकर ताण्याला घेऊ नये, शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात. पट्टी वेगळी विणून शिवणार असाल तर ती आधी धुवावी. नंतर आटली तर ब्रातची कड चुणते आणि ती चूण इस्त्रीने जात नाही.

ब्रात उजव्या खांद्यावर, भाल्याचा हात मोकळा राहील असा अडकवायचा. कशाने, तर खंडित कड्याच्या पिनेने. पिन दोन्ही पदरांच्या तीन-चार सेंमी घडीतून आरपार काढायची, तिचे टोक कड्याच्या फटीतून वर घ्यायचे, मग कडे फिरवायचे. फट पिनेखालून सरकते आणि कापडाचा ताणच पिनेला कड्यावर दाबून धरतो. १८५० साली बेटीस्टाउनजवळ सापडलेल्या प्रसिद्ध तारा ब्रूचची, म्हणजे नक्षीदार कड्याच्या पिनेची, नक्कल घेऊन लोक फसतात ते इथेच. त्याची फट बंद आहे, त्यामुळे हे कुलूप लागत नाही.

कड्यासाठी ३ मिमी जाडीची २० सेंमी पितळी तार, पिनेसाठी १६ सेंमी. खरादासाठी विकतात ती पितळी सळई नको. तिच्यात शिसे असते आणि थंड वाकवताना ती तडकते. सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवून पाण्यात विझवली की तार मऊ होते. ठोकताना ती उसळू लागली की पुन्हा तापवावी. पिनेचे डोके कड्याभोवती सैल गुंडाळावे, कडे पूर्ण फिरले पाहिजे. टोक ६०० नंबरच्या पेपरवर घासून मग पॉलिश करायचे. खरखरीत टोक लोकरीचे धागे ओढून बाहेर काढते.

जोड्यांचे काम थोडक्यात. एका तुकड्याचा जोडा, शिवण टाचेला आणि पुढे, २ मिमी जाडीचे वनस्पती-कमावणीचे चामडे. क्रोम कमावणीचे चालत नाही : कापलेली कड निळसर-राखाडी दिसली तर ते क्रोम, तपकिरी दिसली तर ठीक. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीच्या सालीत कमावतात ते चामडे योग्य जातीचे आहे, पण तळव्याचे जाड नको; जाड मिळाले तर शिवणीच्या कडा रापीने निम्म्यावर आणाव्यात. ओले करून पायातच वाळवले की आकार बसतो.

भाला हे या माणसाचे खरे शस्त्र. दांडा ॲश लाकडाचा, २०० सेंमी लांब, २४ मिमी जाड. ॲश भारतात सहज मिळत नाही; अवजारांच्या दांड्यांना वापरतात ती धामण लवचिकतेत चांगली पर्यायी. लाकूड निवडताना रेषा पाहाव्यात. जिथे रेषा कडेतून बाहेर पडते तिथेच दांडा मोडतो, म्हणून करवतीने कापलेल्यापेक्षा चिरून काढलेला बरा. पाते खोबणीसकट २५ सेंमी, पानाच्या आकाराचे, ३५ मिमी रुंद, वजन २२० ग्रॅमच्या आत. प्रदर्शनासाठी धार २ मिमी जाड आणि टोक गोल.

दांड्याचे टोक खोबणीच्या उताराला जुळवायचे : खोबणीच्या आत काजळ लावा, दांडा घालून फिरवा, काळे डाग लागतील तेवढेच तासा. पाते तापवून, लाकूड जाळून बसवण्याची युक्ती टाळावी. कोळशाचा थर नंतर चुरा होतो आणि पाते डुलते. शेवटी पाते खाली लोंबते ठेवून दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडा मारला की पाते आपोआप वर चढून घट्ट बसते. मग तोंडापासून २ सेंमीवर ४ मिमीचा आडवा रिव्हेट. तोल बुडापासून सुमारे १२५ सेंमीवर यावा. फार पुढे आला तर पाते जड आहे. जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या स्वतःहून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

ढालीच्या बाबतीत मोह टिपररी काउंटीतील क्लोनूराच्या ढालीचा होतो. ५७ बाय ३५ सेंमीची, आल्डर लाकडाची, दोन्ही बाजूंनी चामडे लावलेली. पण ती लोहयुगातली आणि आयताकृती. बांधणी तिची घ्यावी, आकार नाही. आपल्या काळातील चित्रांत लहान गोल ढाल दिसते. व्यास ४५ सेंमी ठरवला, ९ मिमी जाडीच्या पाच फळ्या सरसाने कडेला कड जोडून. मधले भोक ११ बाय ९ सेंमी, आडवी मूठ खिळ्यांनी. गोंडा दीड मिमी पत्र्याचा.

कातडे लावणे हाच कठीण भाग. डफाला चढवतात तसले बकऱ्याचे कच्चे कातडे भिजवून, दोन्ही बाजूंना एकाच वेळी चिकटवावे आणि कडेला शिवावे. कच्चे कातडे वाळताना आक्रसते. एकाच बाजूला लावले तर फळ्या ताटलीसारख्या वळतात आणि सांधे उघडतात. दोन्ही बाजूंना लावून सावलीत, वजनाखाली, दर सहा तासांनी उलटी करत वाळवावी. पंखा किंवा ऊन दिले तर कड आधी वाळते, मध्य ओला राहतो आणि शिवण फाटते. पावसाळ्यात हे काम काढूच नये, सरस मऊ पडतो आणि कातडे सडू लागते. पूर्ण ढालीचे वजन दीड किलोच्या आसपास यावे. दोन किलोच्या पुढे गेली तर फळ्या जाड राहिल्या आहेत.

तलवार घ्यायचीच तर लागोरच्या धर्तीवर आखूड : ४० सेंमी पाते, हाडाची किंवा लाकडाची साधी मूठ, मोठा आडवा दांडा नाही. बॅलिंडेरीच्या क्रॅनॉगमध्ये सापडलेली, पात्यावर ‘उल्फबेर्ह्ट’ ही अक्षरे असलेली लांब तलवार देखणी आहे, पण ती नंतरच्या व्हायकिंग काळातली. या वेशात ती बसत नाही. भारतात शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब पात्याच्या तलवारी, खंजीर आणि भाले यांचा उल्लेख येतो. पाती बोथट असली तरी स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्यावे, आणि प्रवासात भाल्याचे पाते दांड्यापासून सुटे न्यायचे असेल तर रिव्हेटऐवजी तात्पुरती खुंटी ठेवावी. तलवार म्यानात ठेवून देऊ नये; वनस्पती-कमावणीचे चामडे ओल धरते आणि एका पावसाळ्यात पात्यावर खड्डे पडतात. तेल लावून, कापडात गुंडाळून वेगळी ठेवावी.