फियाट घेऊन गगनबावडा, आणि वाटेत इंजिन चालू होईना तेव्हा काय काय तपासलं

कोल्हापूर ते गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर. रंकाळ्यावरनं फुलेवाडी, बालिंगा पूल, कळे, साळवण, असळज आणि मग वर बावडा. आम्ही तिघं गेलो, मी, धाकटा भाऊ आणि मामा, १९८४ची प्रीमियर पद्मिनी घेऊन. आमच्याकडं सगळे तिला फियाटच म्हणतात आणि ते बरोबरच आहे, फियाट ११००चंच ते रूप. १०८९ सीसीचं इंजिन, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, ठिणगी पाडायला पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं, कंडेन्सर त्या टोकांवर ठिणगी उडू देत नाही), इंजिनवरच चालणारा पेट्रोल पंप, कुठं सेन्सर नाही की कंप्युटर नाही. त्यामुळं अशी गाडी रस्त्यात अडली तरी का अडली ते तिथंच उभं राहून शोधता येतं, फक्त क्रम सोडायचा नाही, आधी करंट बघायचा मग पेट्रोल, आणि तपासल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. हे ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांच्यासाठीच लिहितोय.

कळ्यापर्यंत गाडी मस्त पळाली. दोन्ही बाजूला ऊस, पाऊस उघडलेला, ऊन मात्र चटका देणारं. साळवणला वडा आणि चहा घेतला, परत येऊन चावी फिरवली तर सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, जोरात फिरतोय पण इंजिन काय पकडंना. लगेच चार माणसं जमली, कोण म्हणतंय बॅटरी गेली, कोण म्हणतंय प्लग बदला, कोण म्हणतंय ढकला की जरा. मामा म्हणाले, "आरं थांब, नुसता सेल्फ मारत बसू नको, बॅटरी उतरवशील." हे एकदम खरं आहे. एका वेळी पाच-सहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही आणि मधे अर्धा मिनिट तरी सोडायचा. सेल्फ जोमानं फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे, तो विषय तिथंच मिटला. सेल्फ नुसता टक-टक करत असेल तर मात्र आधी बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा, बऱ्याचदा तेवढ्यावरच काम होतं.

मग करंट. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, त्याच्या टोपणात मधोमध कॉइलकडनं, म्हणजे व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्याकडनं, जाडी लीड येते, ती टोपणातनं काढायची, रबरी मुठीच्या पकडीत धरून टोक इंजिनच्या लोखंडापासनं पाच-सहा मिलिमीटरवर ठेवायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. लीड अधांतरी सोडून सेल्फ मारू नका, कॉइल खराब होऊ शकते. आणि आसपास पेट्रोल सांडलेलं असेल तर ही टेस्ट करायचीच नाही. आमच्याकडं निळी, कडक ठिणगी पडली, म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळं ठीक. मग एक प्लग काढून त्याचीच लीड लावून इंजिनला टेकवून बघितला, तिथंही ठिणगी. प्लग मात्र कोरडा ठणठणीत, पेट्रोलचा वासही नाही. ठिणगी आहे पण पेट्रोल पोचत नाही, इथं उत्तर निम्मं मिळालं.

ठिणगी पिवळी, मरतुकडी असती किंवा पडलीच नसती तर पुढं काय, तेही सांगतो. १२ व्होल्टचा साधा टेस्टर बल्ब कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला आणि बॉडीला लावून सेल्फ मारायचा. बल्ब उघडझाप करत असेल तर पॉइंट चालतायत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर काजळी बसलीय. पेटलाच नाही तर चावीकडनं करंट येत नाही, किंवा कॉइल आतनं तुटलीय, किंवा पॉइंट उघडतच नाहीत. पॉइंट पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासून गॅप ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची. पॉइंटमध्येच मोठी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर गेला, आणि हल्ली बाजारात येणारे बरेच कंडेन्सर हलके असतात, म्हणून डिकीत चालू असलेला, वापरून बघितलेला एक ठेवलाच पाहिजे.

आता पेट्रोल. गरम इंजिन बंद केलं की थोडा वेळ त्याची गरमी उलट वाढते, पंप आणि पाइपातलं पेट्रोल वाफ होतं आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. म्हणून आधी बॉनेट उघडं ठेवलं, पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाकलं, वाट बघितली. तरी नाही. मग कॉइलची बारीक वायर काढली म्हणजे ठिणगी पडायचा प्रश्नच नको, कार्ब्युरेटरला येणारा पाइप सोडवून बाटलीत धरला आणि सेल्फ मारला. पेट्रोलची धार ठोक्याठोक्यानं यायला पाहिजे, इथं नुसते बुडबुडे आणि थेंब. पंपाला हातानं मारायचा लिव्हर असेल तर तोही मारून बघा, तो ढिला लागला तर इंजिन थोडं फिरवून परत मारा, कॅम, म्हणजे पंप हलवणारा इंजिनातला उंचवटा, वर आलेला असला की लिव्हरला जोर लागत नाही.

बुडबुडे म्हणजे हवा कुठनं तरी आत येतेय. टाकीकडनं पंपाला येणारा रबरी पाइप बोटांनी वाकवून बघितला तर क्लिपच्या लगत बारीक चिरा. या बाजूनं पंप पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळं ते बाहेर गळत नाही, हवा आत घुसते, म्हणून खाली बघून काहीच कळत नाही! भावानं ब्लेडनं चिरलेला तुकडा कापला, उरलेला पाइप परत बसवून क्लिप आवळली, लिव्हर मारून कार्ब्युरेटर भरला आणि गाडी भुर्रकन चालू. मामांनी तर बॉनेटला हात जोडले.

पाइप का चिरला तेही समजून घ्या. आता पेट्रोल भरायच्या पंपावर ई२० पेट्रोल आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्या पट्ट्यातले साखर कारखानेच इथेनॉल करतात, शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे आणि तो मिळायलाच हवा. पण १९८४चं रबर यासाठी केलेलं नव्हतं, ते कडक होतं, चिरतं, पंपाचा पडदाही जातो, आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, येऊन बसतो. त्यामुळं निघायच्या आधी सगळे रबरी पाइप बदलून घ्या, एसएई ३०आर९ छापलेला पाइप मागा, पाण्याचा किंवा हवेचा पाइप घालू नका. पंपाचा पडदाही इथेनॉलला टिकणारा घ्या, आणि पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर बसवा, गाळ डोळ्यांना दिसतो. आम्ही परत आल्यावर हे सगळं उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडनं करून घेतलं.

बावड्यात मुक्काम होता. रात्रभर धुकं, गाडी उघड्यावर. सकाळी परत तेच, सेल्फ फिरतोय, इंजिन गप्प. पण यावेळी पेट्रोलचा वास येत होता. कॉइलच्या लीडला ठिणगी कडक, प्लगच्या लीडला काहीच नाही, म्हणजे गडबड मधे असलेल्या टोपणात नाहीतर रोटरमध्ये, म्हणजे टोपणाच्या आत फिरून एकेका प्लगला ठिणगी पोचवणाऱ्या तुकड्यात. टोपण उघडलं तर आतनं सगळं घामेजलेलं, पितळी टोकांवर थेंब. कोरड्या सुती फडक्यानं टोपण आतनं-बाहेरनं, रोटर, लीडा सगळं पुसलं, प्लग काढून हॉटेलच्या चुलीजवळ शेकले. हे गाडीपासनं लांब करा. परत बसवताना १-३-४-२ हा प्लगांना ठिणगी मिळायचा क्रम चुकू नये म्हणून लीडांना आधीच दोऱ्याच्या गाठी मारून ठेवा. चोक ओढला आणि पहिल्या झटक्यात चालू. पुसल्यावर टोपणात केसासारख्या काळ्या रेघा दिसल्या तर ते टोपण टाकून द्या, करंट त्या रेघांवरनं पळतो. आणि रात्री डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवा, सकाळी काढायला विसरू नका.

रस्त्याचं म्हणाल तर पेट्रोल फुलेवाडीतच भरून घ्या. भर पावसात जाणार असाल तर मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर येतं, निघायच्या आधी चौकशी करा, जुन्या गाडीला तसल्या पाण्यात घालू नका, पंख्यानं उडालेलं पाणी सरळ डिस्ट्रिब्युटरवर जातं. पुढं करूळ घाटानं वैभववाडीला उतरायचं असेल तर घाट चालू आहे का तेही विचारा. आणि येताना घाट चढून वर आलात की लगेच इंजिन बंद करू नका, दोन-तीन मिनिटं तसंच चालू ठेवा, मग बॉनेट उघडून बंद करा, म्हणजे चहा पिऊन आल्यावर पेट्रोल वाफ झालेलं नसेल.